डच मजकुरात ओळीच्या शेवटी शब्द चुकीच्या जागी तुटतात: इंग्रजी शब्द पोटात असलेल्या समासांचे समस्या निवारण

पुण्यात बसून युरोपीय भाषांतल्या माहितीपत्रकांची पानमांडणी करणाऱ्या आमच्यासारख्यांकडे डच मजकूर आला की एक तक्रार हमखास परत येते. पीडीएफ तपासणीसाठी नेदरलँड्सला जाते, दोन दिवसांनी तांबड्या खुणांसह परत येते, आणि त्यांतल्या बहुतेक खुणा ओळींच्या उजव्या टोकाला, म्हणजे शब्द तोडून जिथे आडवी रेघ आलेली असते तिथे असतात. रेघा सरकवून फाइल पुन्हा पाठवावी, तर पुढच्या आवृत्तीत मजकूर दोन शब्दांनी हलतो आणि त्याच चुका दुसऱ्या ओळींवर उगवतात. ही तक्रार मी बरीच वर्षे सोसली आहे. तिचे मूळ सापडायला मला लागला तेवढा वेळ इतरांना लागू नये, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला शब्दांचा खुलासा करतो. एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला मी 'अक्षर' म्हणतो, रोमन लिपीतल्या एकेका चिन्हाला 'वर्ण' म्हणतो, आणि उच्चारताना एखाद्या अक्षरावर जो जोर पडतो त्याला 'आघात' म्हणतो. डच शब्द उच्चाराच्या जवळपास जातील असे देवनागरीत लिहिले आहेत. मुद्दा स्पेलिंगचा असेल तिथे वर्णांची नावे दिली आहेत.

चूक नेमकी कशी दिसते, हे मराठी उदाहरणाने लवकर कळेल. वर्तमानपत्राच्या अरुंद स्तंभात 'नवरात्र' हा शब्द ओळीत मावला नाही आणि यंत्राने, म्हणजे पानमांडणीच्या संगणक-प्रणालीने, तो 'नवरा-' असा तोडून 'त्र' खालच्या ओळीत टाकला, तर वाचणाऱ्याला आधी नवरा दिसतो आणि मग हसू येते. शब्दाचा सांधा 'नव' आणि 'रात्र' यांच्यामध्ये आहे हे आपल्याला सांगावे लागत नाही, पण यंत्राला समास कळत नाही. डचमध्ये हाच घोटाळा रोजचा आहे, कारण ती भाषा समास करण्यात संस्कृतच्या पंक्तीला बसते आणि सगळे घटक सलग, मध्ये जागा न सोडता लिहिते. 'केर्सटोमाट्ये' या शब्दाचा विनोद तिकडे सर्वांना पाठ असतो: 'केर्स' आणि 'टोमाट्ये' असा सांधा धरला तर तो चेरी टोमॅटो होतो, आणि 'केर्स्ट' व 'ओमाट्ये' असा धरला तर नाताळची आजीबाई. वर्ण तेच, क्रम तोच. फरक फक्त सांध्याचा.

शुद्ध डच समासांत यंत्रे बहुधा पास होतात. इंग्रजीतून आलेला शब्द समासात शिरला की गाडी रुळावरून उतरते, आणि ती उतरण्याच्या जागा मोजक्या आहेत.

पहिली जागा म्हणजे मुका 'ई'. 'फुलटाइमबान' म्हणजे पूर्णवेळ नोकरी. त्यातला 'बान' डच आणि 'फुलटाइम' इंग्रजी. इंग्रजीत 'टाइम'च्या शेवटचा 'ई' उच्चारला जात नाही, पण डच शब्दांत शेवटचा 'ई' जवळजवळ नेहमी हलका 'अ' म्हणून ऐकू येतो आणि त्याचे स्वतंत्र अक्षर होते. डच नियमांवर वाढलेले यंत्र त्यामुळे 'आय' नंतर रेघ मारते आणि 'एम', मुका 'ई' व 'बान' हे सगळे गाठोडे खालच्या ओळीत ढकलते. हवे असते ते 'फुल-टाइम-बान'. 'सॉफ्टवेअरप्रोब्लेम', 'वेबसाइटबेझूक', 'ऑनलाइनविंकल' या सर्वांची हीच गत होते. यंत्र 'वेअर' आणि 'साइट' यांचे दोन-दोन तुकडे करते आणि मधली रेघ अशा जागी येते, जिथे डच माणसाची जीभ कधीच थांबत नाही.

दुसरी जागा 'एस' आणि 'एच' यांची जोडी. इंग्रजीत त्यांचा मिळून एकच 'श' होतो. डचमध्ये ते दोन निराळे आवाज आहेत आणि दोन अक्षरांत वाटले जाऊ शकतात. म्हणून 'वर्कशॉपलैडर', म्हणजे कार्यशाळा घेणारा, हा शब्द 'एस' नंतर तुटतो आणि खालची ओळ 'हॉप' ने सुरू होते. डचमध्ये 'हॉप' ही बिअरमध्ये घालायची वनस्पती आहे आणि हुदहुद पक्ष्याचे नावही तेच आहे, त्यामुळे वाचणारा क्षणभर भलतीकडेच जातो.

तिसरी जागा मात्र खरी डोकेदुखी आहे, आणि मी सर्वांत जास्त तांबड्या खुणा तिच्यापायी खाल्ल्या आहेत. डचमध्ये क्रियापदापासून नाम करणारा 'इंग' हा स्वतःचा प्रत्यय आहे, आणि त्या प्रत्ययाने संपणारे नाम समासात पहिले आले की त्याला बहुधा एक जोड-'स' चिकटतो: सत्ताधारी पक्ष म्हणजे 'रेखेरिंग्सपार्तै', आणि तो तुटतो 'रेखेरिंग्स-पार्तै' असा, 'स' वरच्या ओळीत ठेवून. असे शब्द हजारोंनी असल्यामुळे यंत्राच्या अंगी बसलेले असते की 'इंग' नंतर 'स' आला तर तो वरच्या घराचा. आता 'केम्पिंगस्टूल' घ्या. 'स्टूल' म्हणजे डचमध्ये साधी खुर्ची. आपल्याकडचे पाठ नसलेले स्टूल ते नव्हे. 'केम्पिंग' हा इंग्रजीतून आलेला शब्द आहे, त्याला जोड-'स' लागत नाही, आणि इथला 'स' खुर्चीचा आहे. यंत्र तरीही 'केम्पिंग्स-टूल' असे तोडते. 'मार्केटिंगस्ट्राटेखी' या शब्दातही 'मार्केटिंग्स' वर आणि 'ट्राटेखी' खाली अशीच वाटणी होते. यावर उपाय म्हणून 'इंग्रजी इंग असेल तर स खाली' असा नियम करावा, तर 'ट्रेनिंग' हा शब्द आडवा येतो, कारण तो डचमध्ये इतका मुरला आहे की त्याला जोड-'स' लागतो: ट्रॅकसूट म्हणजे 'ट्रेनिंग्सपाक', आणि तो 'ट्रेनिंग्स-पाक' असाच तुटायला हवा. इंग्रजी मूळ आहे की डच, एवढे पाहून निकाल लागत नाही. प्रत्येक शब्दाला विचारावे लागते. 'कॉम्प्यूटरस्पेल', म्हणजे संगणकावरचा खेळ, यातही हाच 'स' दोन्ही घरांना आपला वाटतो, पण तो 'स्पेल'चा आहे.

यंत्र असे का वागते, हे कळले की त्याच्यावर राग राहत नाही. शब्द तोडण्याच्या बहुतेक खुल्या साधनांचे मूळ फ्रँकलिन लियांग यांच्या १९८३ च्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्रबंधात आहे. त्यांनी टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी अशी पद्धत बसवली, की तोडण्याच्या जागा दाखवलेल्या शब्दांच्या मोठ्या यादीतून वर्णांचे छोटे छोटे नमुने काढायचे आणि त्या नमुन्यांत वर्णांच्या मध्ये अंक ठेवायचे. विषम अंक म्हणजे इथे तोडायला हरकत नाही, सम अंक म्हणजे इथे तोडू नका, आणि एकाच जागी दोन नमुने भांडले तर मोठा अंक जिंकतो. डच भाषेसाठी असे नमुने आइंडहोव्हनच्या पीट टुटलार्स यांनी १९९६ साली, त्या वर्षी अमलात आलेल्या नव्या शुद्धलेखनाला धरून तयार केले. पद्धत आजही उत्तम चालते, पण नमुना फक्त शेजारचे चार-सहा वर्ण पाहतो. त्याला अर्थ दिसत नाही. जी यादी त्याला शिकवताना वापरली तिच्यात जे शब्द नव्हते किंवा थोडे होते, त्यांच्याबाबत तो बहुमताच्या सवयीने चालतो, आणि डचमध्ये बहुमत अर्थातच डच शब्दांचे आहे. नवे इंग्रजी शब्द तर दर वर्षी येतात, आणि ते येतात ते नेमके आमच्यासारख्यांकडच्या उपकरणांच्या आणि संगणकाच्या मजकुरातूनच.

आता माणसाकडून होणारी चूक, आणि ती माझीच आहे. एका पुस्तिकेत यंत्राने 'ट्रेनिंग' हा शब्द 'ट्रे-निंग' असा तोडला होता. मी इंग्रजी शब्दकोश पाहिला, त्यात 'इंग' हा प्रत्यय अलग काढलेला होता, म्हणून मी मोठ्या आत्मविश्वासाने सगळीकडे 'ट्रेन-इंग', 'मीट-इंग' आणि 'मार्केट-इंग' अशा दुरुस्त्या केल्या. फाइल परत आली तेव्हा एरवी बरोबर असलेल्या बत्तीस जागांवर खुणा होत्या. डचचा नियम असा आहे, की इंग्रजीतून आलेला शब्द स्वतः समास असेल तर त्याच्या सांध्यावर तोडावा, जसे 'डेड-लाइन', 'फीड-बॅक', 'सॉफ्ट-वेअर'. पण तो समास नसेल तर घरच्या शब्दांसारखाच, दोन स्वरांमधला एकटा व्यंजनवर्ण खाली नेऊन तोडावा. म्हणून 'ट्रे-निंग', 'मी-टिंग', 'मार-के-टिंग', 'को-चिंग'. खरे तर देवनागरीत लिहिणाऱ्याला हे आधीच पटायला हवे होते. आपल्या लिपीत 'ट्रेन-इंग' असे कोणी लिहीत नाही. मला इंग्रजी शब्दकोशानेच फसवले.

त्या बत्तीस खुणांनंतर मी तिकडच्या मुद्रितशोधक बाईंना फोन केला. त्यांनी मला नियम सांगितले नाहीत. त्या म्हणाल्या, शब्द मोठ्याने म्हणा आणि टेबलावर बोट वाजवा. त्यांनी स्वतः 'केम्पिंगस्टूल' म्हणून दाखवला, आणि फोनवरही बोटाचे दोन टोले स्पष्ट ऐकू आले: एक मोठा, 'केम्' वर; दुसरा हलका, 'स्टूल' वर, आणि तो 'स' च्या आधी पडला, नंतर नव्हे. मग त्यांनी 'ट्रेनिंग्सपाक' म्हटला: मोठा टोला 'ट्रे' वर, हलका 'पाक' वर, आणि त्याच्या आधीचा 'स' मागच्या अक्षराच्या शेपटीला लटकलेला. दोन शब्दांतला 'स' कागदावर एकाच जागी बसतो. कानाला तो दोन निराळ्या घरांत राहताना ऐकू येतो. मी जी गोष्ट वर्षभर नियमांत शोधत होतो ती आघातात होती: डच समासात मुख्य आघात बहुधा पहिल्या घटकावर पडतो, दुसऱ्या घटकावर गौण आघात पडतो, आणि तो गौण आघात ज्या अक्षरावर येतो ते अक्षर बहुतेकदा दुसऱ्या घटकाचे पहिलेच असते. सांधा त्याच्या लगेच आधी असतो.

मराठी माणसाला हे सहज ऐकू येत नाही, याची मात्र तयारी ठेवावी. आपण ऱ्हस्व-दीर्घ अचूक पकडतो, पण आघाताने आपल्याकडे शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे त्याच्याकडे कान देण्याची सवयच नसते. डचमध्ये अर्थ बदलतो. 'व्होरकोमन' या क्रियापदात 'व्होर' वर जोर दिला तर अर्थ 'आढळणे', आणि 'को' वर दिला तर अर्थ 'टाळणे, प्रतिबंध करणे'. पहिले काही दिवस मी जोराच्या जागी स्वर लांबवून पाहत असे आणि तो प्रयोग फसत असे. टेबलावर बोट वाजवण्याची युक्ती बरी, कारण बोटाला लांबवता येत नाही.

आघाताच्या या कसोटीत एक फसवी जागा आहे. 'पहिल्या घटकावर आघात' याचा अर्थ 'पहिल्या अक्षरावर आघात' असा होत नाही. 'कॉम्प्यूटर' या शब्दाचा स्वतःचा आघात 'प्यू' वर आहे, आणि समासात शिरल्यावरही तो तिथेच राहतो, म्हणून 'कॉम्प्यूटरस्पेल' मध्ये मोठा टोला दुसऱ्या अक्षरावर पडतो. 'बुजेट' या शब्दात डच माणूस 'जेट' वर जोर देतो, इंग्रज पहिल्या अक्षरावर देतो. इंग्रजी उच्चार मनात धरून टोले मोजले तर सगळा हिशेब चुकतो. शिवाय काही जुने डच समास आघात मागे ढकलतात: नगरपालिकेच्या इमारतीला 'स्टाटहाउस' म्हणतात आणि त्यात जोर 'हाउस' वर असतो, हिवाळ्यात बटाट्याबरोबर कुस्करून खातात त्या 'बूरेनकोल' भाजीत तो 'कोल' वर असतो. सांधा शोधताना या अपवादांचा त्रास होत नाही, कारण दोन टोले ऐकू येतातच. फक्त त्यांतला मोठा कोणता हे बदलते.

कान एका ठिकाणी मात्र पुरेसा पडत नाही. 'वीकेंट' हा शब्द डच माणूस 'वी-केंट' असा म्हणतो, पण त्याच्या स्पेलिंगमधला सांधा 'वीक' आणि 'एंड' यांच्यामध्ये आहे आणि अधिकृत तोडही तिथेच आहे. त्याच्यापुढे 'टास', म्हणजे पिशवी, जोडली तर 'डी' चा उच्चार 'ट' होऊन पुढच्या 'ट' मध्ये विरून जातो आणि सांध्यावरचे दोन वर्ण एकच ऐकू येतात. अशा वेळी बोटाने सांधा कुठे आहे एवढेच विचारावे, आणि कोणता वर्ण कुठल्या ओळीत जाईल ते स्पेलिंग पाहून ठरवावे. शंका उरलीच, तर डच भाषेच्या अधिकृत शब्दसूचीत, म्हणजे लोक ज्याला हिरवे पुस्तक म्हणतात त्यात, शब्द पाहावा. १९८० साली स्थापन झालेला नेदरलँड्स आणि बेल्जियम यांचा संयुक्त भाषासंघ तिचे काम पाहतो, २००५ आणि २०१५ साली तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, आणि तिच्या जालावरच्या रूपात प्रत्येक शब्द कुठे तोडावा हेही दाखवलेले असते. सूचीत न सापडणारा लांब समास घटक सुटे करून पाहिला की बहुतेक वेळा सुटतो.

काही शब्दांचा निकाल यंत्र, कान आणि सूची यांपैकी कोणालाच एकट्याने लावता येत नाही. 'बी, ई, ए, एम, ई, एन' या सहा वर्णांचे डचमध्ये दोन शब्द होतात. एक जुना, 'बेआमन', म्हणजे दुजोरा देणे, आघात 'आ' वर. दुसरा इंग्रजीवरून आलेला, 'बीमन', म्हणजे प्रोजेक्टरने पडद्यावर दाखवणे, आघात 'बी' वर. पहिल्यात 'बे' नंतर रेघ चालते, दुसऱ्यात तीच रेघ चूक आहे. वाक्य वाचल्याशिवाय इथे कोणी काही करू शकत नाही. सभागृहातल्या उपकरणांच्या माहितीपुस्तिकेत प्रोजेक्टरने दाखवण्यासाठी हाच शब्द येतो, म्हणून आम्ही तो सरसकट न तोडण्याच्या यादीत टाकला आहे.

आता प्रत्यक्ष निवारण. मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम सांगतो, कारण क्रम चुकला की एक दोष दुसऱ्याच्या आड लपतो.

सर्वांत आधी परिच्छेदाची भाषा पाहावी. मजकूर दुसऱ्या फाइलमधून चिकटवलेला असेल तर तो बहुधा स्वतःची भाषा सोबत आणतो, आणि डच परिच्छेद इंग्रजीच्या नियमांनी तुटत राहतो. त्याहून बारीक दोष म्हणजे कोणीतरी समासातला फक्त 'सॉफ्टवेअर' एवढाच भाग निवडून त्याला इंग्रजीची खूण लावलेली असते. मग यंत्राला एक शब्द दोन भाषांत विभागलेला दिसतो आणि ते सांध्यावरही तोडत नाही. संपूर्ण समास डचच्या खुणेखाली असायला हवा, त्यातला अर्धा इंग्रजी असला तरी. वेबपानावर भाषेची खूण नसेल तर ब्राउझर तोडण्याच्या फंदात पडत नाही, किंवा भलत्या नियमाने तोडतो.

त्यानंतर मजकुरात आधीच दडलेल्या अदृश्य रेघा शोधाव्यात. सॉफ्ट हायफन हे चिन्ह शब्द ओळीच्या शेवटी आला तरच दिसते, एरवी लपून बसते, आणि आधीच्या एखाद्या मांडणीतून ते मजकुराबरोबर वाहत आलेले असते. त्यामुळे आणखी एक गंमत होते: शोध घेतला तर तो शब्द सापडत नाही, कारण डोळ्यांना सलग दिसणाऱ्या शब्दाच्या मध्ये ते चिन्ह बसलेले असते. मी नवी फाइल आली की ही सगळी चिन्हे काढून टाकतो आणि मगच पुढे जातो.

मग प्रत्येक टोकाला किमान किती वर्ण राहावेत ही मर्यादा. इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रणालीत ती मुळात दोन्ही बाजूंना २ असते; डच मजकुरासाठी मी ती ३ करतो. 'अप-' सारख्या काही रास्त तोडी त्यामुळे हातच्या जातात, पण त्या बदल्यात कितीतरी विचित्र तोडी आपोआप थांबतात, आणि माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे. सहकाऱ्यांपैकी काहींना तो पटत नाही, कारण अरुंद स्तंभात शब्दांमधल्या जागा फार फाकतात.

खरा टिकाऊ उपाय मात्र स्वतःचा शब्दसंग्रह हाच आहे. इनडिझाइनच्या वापरकर्ता-शब्दकोशात शब्द घालताना तोडण्याच्या जागी नागमोडी चिन्ह देता येते. एक चिन्ह म्हणजे सर्वांत पसंतीची जागा, दोन म्हणजे दुय्यम, तीन म्हणजे नाइलाज झाला तरच, आणि शब्दाच्या आधी चिन्ह दिले तर तो कधीच तुटत नाही. ही चढती पायरी समासांसाठी फार उपयोगी पडते. 'केम्पिंगस्टूल' मध्ये एक चिन्ह 'केम्पिंग' आणि 'स्टूल' यांच्यामध्ये द्यावे आणि तीन चिन्हे 'केम' नंतर. म्हणजे यंत्र आधी सांध्यावर तोडते आणि फारच अडचण झाली तर आतल्या अक्षरावर जाते. संग्रहात मूळ शब्द घालून भागत नाही, अनेकवचन आणि समास वेगळे घालावे लागतात, कारण तोड बदलते. 'अपडेट' हे नाम 'अप-डेट' असे एकाच जागी तुटते आणि 'अपडेट' पासून झालेल्या समासातही 'डेट' अखंड राहतो. पण क्रियापद झाले, 'अपडेटन', की मुका 'ई' बोलका होतो आणि तोड 'अप-डे-टन' अशी होते. हा भेद लक्षात न घेता मी एकदा 'डेट' कधीही तोडू नये असा सरसकट नियम केला होता, आणि सगळी क्रियापदे ओळीबाहेर लोंबू लागली.

शब्द ओळीत मावत नाही म्हणून समासाच्या मध्ये सरळ एक जागा सोडून देण्याचा मोह आमच्या धंद्यात फार आहे, आणि इंग्रजी वाचून वाढलेल्या डोळ्याला ते खटकतही नाही. डच वाचकाला ते फार खटकते. इंग्रजीच्या नादाने समास सुटे लिहिण्याच्या या खोडीला तिकडे थट्टेने 'इंग्रजी रोग' म्हणतात, आणि गंमत अशी की मुडदूस या आजाराचे डच नाव नेमके तेच आहे. थट्टा सोडली तरी अर्थाचा प्रश्न उरतो: लांब पल्ल्याचा धावपटू हा सलग लिहायचा शब्द सुरुवातीला तोडून लिहिला, तर पल्ला लांब राहत नाही, धावपटू उंच होतो, कारण डचमध्ये 'लांब' आणि 'उंच' यांना शब्द एकच आहे.

जागा सोडायची की नाही, हेही इंग्रजी विशेषण आणि नाम यांच्या जोडीत आघातच ठरवतो. 'हॉटडॉग', 'हार्डवेअर', 'सॉफ्टड्रग' यांत मुख्य जोर पहिल्या भागावर आहे, म्हणून डच ते सलग लिहिते. 'सेकंड ओपिनियन' यात तो दुसऱ्या भागावर जातो, म्हणून तो सुटा राहतो. 'बॅक-अप' आणि 'मेक-अप' यांसारख्या जोड्यांत मध्ये रेघ असते, आणि पुढे डच शब्द जोडला तर तो 'अप' ला सलग चिकटतो. अशा शब्दात ओळ संपताना 'अप' नंतर दुसरी रेघ आली तर दिसायला वाईट दिसते, पण नियमाला धरून असते. तिच्यावर खूण आली तर दुरुस्ती करण्याऐवजी मी विनंती करतो की खूण मागे घ्यावी.

दोन टिंबांचे चिन्ह असलेल्या शब्दांसाठी मात्र हाताने रेघ कधीच मारू नये. 'खेअपडेटेट', म्हणजे अद्ययावत केलेले, या शब्दात 'यू' वर्णावर दोन टिंबे असतात, कारण ती नसतील तर आधीचा 'ई' आणि हा 'यू' मिळून एकच स्वर वाचला जाईल. पण शब्द 'खे' नंतर तुटला तर रेघच ते काम करते आणि टिंबे गळतात. चांगली यंत्रे ही अदलाबदल स्वतः करतात. हाताने करणारा माणूस टिंबे पुसून साधी आडवी रेघ टंकतो, पुढच्या आवृत्तीत तो शब्द ओळीच्या मध्ये येतो, आणि तिथे टिंबे नाहीत, वर नको असलेली रेघ, अशा अवस्थेत छापला जातो. आपले यंत्र ही अदलाबदल करत नसेल, तर तो शब्द 'खे' नंतर न तोडण्याच्या यादीत टाकावा आणि 'अप' नंतरची तोड तेवढी मोकळी ठेवावी.